फ्लेमिंगोला सलीम नाव कुणावरून पडलं?

नेरूळला राहत असल्यामुळे थंडी सुरू झाली की मला एक प्रश्न हमखास येतो: हे फ्लेमिंगो कुठून येतात, हे कळतं कसं? आजचं उत्तर सोपं आहे. २०२२ मध्ये बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, संशोधकांनी ठाणे खाडीत सहा फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले. पक्षी उडतो, टॅग लोकेशन पाठवतो. त्यांतल्या एकाचं नाव हुमायून, एकाचं चक्क नवी मुंबई आणि एकाचं सलीम. टॅगची आतली रचना पुन्हा कधीतरी बघू, आज या सलीमबद्दल.

सलीम अली १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मले. आईवडील लवकर गेले, खेतवाडीत मामांकडे वाढले. लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! मामांनी बीएनएचएसकडे पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. तिथून पोराला नाद लागला तो लागलाच.

पुढचा रस्ता मात्र खडबडीत होता. कॉलेज अर्धवट राहिलं. ब्रह्मदेशात घरच्यांच्या खाण-लाकडाच्या धंद्यात काही वर्षं काढली, तो बुडाला. रीतसर पदवी नाही म्हणून सरकारी नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या म्युझियममध्ये गाइड म्हणून लागले, मग रजा घेऊन बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. जर्मनीच्या हेलिगोलँड बेटावर त्यांनी रिंगिंगचं काम जवळून पाहिलं. पक्षी जिवंत पकडायचा, पायात नंबर कोरलेली हलकी अ‍ॅल्युमिनियमची रिंग घालायची, नोंद करायची, सोडून द्यायचं. पुढे कुठेतरी तो पुन्हा सापडला आणि कुणी नंबर कळवला, तरच दोन ठिकाणं जोडली जातात. बॅटरी नाही, सिग्नल नाही, सगळी भिस्त अनोळखी माणसाच्या भलेपणावर.

१९३० मध्ये परत आले तर नोकरीच गेलेली, पैसे नाहीत म्हणून पद बंद. मग बायको तेहमिनासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले. बेकारीतला हा काळ मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात भारी वाटतो. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. रोज बघून त्यांनी शोधलं की नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर तो पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं सुरू करतो! हातात फक्त दुर्बीण, वही आणि चिकाटी.

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापाने फणफणली. हाच क्यासनूर ताप. २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गातही याचे रुग्ण सापडले. विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा, म्हणून शंका आली की स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडीतून तो आला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशांवर १९५९ पासून बीएनएचएसने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली मोठं रिंगिंग सुरू केलं. बिहारच्या मीरशिकारांचं पक्षी पकडण्याचं पिढीजात कसब इथे कामाला आलं. लाखाहून जास्त पक्ष्यांना रिंग लागली. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा सापडला नाही, पण भरतपूरचं बदक सायबेरियात जातं हे कागदावर आलं.

पुढे या कामात अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन कार्यक्रमाचे पैसेही आले. सत्तरच्या दशकात यावरून गदारोळ झाला, पक्ष्यांमधून रोग पसरवण्याचा अभ्यास चाललाय असा आरोप झाला. सलीम अलींनी तो ठाम नाकारला. माझं मत विचाराल तर प्रश्न विचारणं बरोबरच होतं. डेटा कुणाच्या पैशांवर गोळा होतो आणि जातो कुठे, हे आज आपण अ‍ॅपबद्दलही विचारतोच ना?

१९८७ मध्ये ते गेले, वयाच्या नव्वदीत. त्यांच्या नावाची संस्था १९९० मध्ये कोइंबतूरला सुरू झाली; पक्ष्यांच्या शरीरातली कीटकनाशकं आणि जड धातू मोजणं हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. आणि जुन्या मोजणीचा उपयोग कसा होतो बघा. बीएनएचएसच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरला ऐंशीच्या दशकात गिधाडं मोजली होती, म्हणूनच नव्वदच्या दशकात ती झपाट्याने घटल्याचं आकड्यांत दिसलं. गुन्हेगार सापडला २००४ मध्ये: गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या तलावाजवळ फ्लेमिंगो मरून पडले, तेव्हा मेसेज आला की उचलून टाकलेले बरे का? नको. हात लावू नका, वन विभागाला कळवा. आणि पायात रिंग दिसली तर जवळून फोटो काढा, नंबर नीट वाचा, जागा आणि तारीख लिहून बीएनएचएसला पाठवा.