कर्मवीर दादासाहेब गायकवाड : मंदिराच्या दारापासून गायरानापर्यंत

तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणाऱ्यांना किंवा समाजकल्याण खात्यातील कारकुनांना दादासाहेब गायकवाड हे नाव अपरिचित नाही. भूमिहीन दलित कुटुंबास चार एकर जिरायत अथवा दोन एकर बागायत जमीन मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २००४ साली जी योजना सुरू केली, तिला कर्मवीर या उपाधीसह त्यांचे नाव देण्यात आले. वाशीसारख्या, बालाघाटाच्या पट्ट्यातील आणि पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या तालुक्यात चार एकर जमिनीचे मोल काय असते, हे येथील शिक्षकास वा विद्यार्थ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु योजनेच्या कागदावर हे नाव का आले, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. माणसाचे नाव योजनेला मिळाले आणि माणूस मात्र विस्मरणात गेला, असे आपल्याकडे वारंवार घडते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी, एका महार कुटुंबात झाला. परदेशी विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, वक्तृत्वाचा दिमाखही नव्हता. धोतर नेसणारा आणि खेड्यापाड्यांतील माणसाशी त्याच्याच भाषेत बोलणारा हा कार्यकर्ता डॉ. आंबेडकरांच्या सहवासात आला आणि अल्पावधीत त्यांचा नाशिक भागातील उजवा हात बनला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली पेटले होते. पुढचा लढा नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारी द्यावयाचे ठरले, तेव्हा सत्याग्रह समितीचे चिटणीसपद भाऊरावांकडे आले.

२ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये सुमारे मैलभर लांबीची मिरवणूक निघाली. चौघाचौघांच्या रांगा करून हजारो स्त्रीपुरुष अत्यंत शिस्तीने मंदिराकडे चालले होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दारांशी जाऊन बसली. महिनाभर दारे उघडली नाहीत. ९ एप्रिलला, रामनवमीच्या वेळी, रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा अशी तडजोड झाली. पण सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच रथ पळवून नेण्यात आला आणि त्यांच्यावर दगडांचा वर्षाव झाला. भास्कर कद्रेकर हा तरुण पोलिसांचे कडे फोडून आत शिरला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला.

हा प्रसंग इतिहासाच्या पुस्तकांत येतो. मात्र त्यानंतर जे घडले, ते क्वचितच सांगितले जाते. नाशिकच्या परिसरात अस्पृश्यांच्या मुलांना शाळांतून घालवून देण्यात आले, रस्ते अडविण्यात आले, दुकानदारांनी मीठमिरची देणे बंद केले. मंदिराच्या दारी बसणारा सत्याग्रही संध्याकाळी ज्या गावात परतत असे, त्या गावात त्याची मजुरी, त्याचे पाणी आणि त्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती होती. हे सारे सोसून ही माणसे पुन्हा पुन्हा दारी येऊन बसली, तुरुंगात गेली आणि सुटून आल्यावर पुन्हा बसली. डॉ. आंबेडकर त्याच वर्षाच्या अखेरीस गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. नाशिकची बाजू सांभाळणे, तुकड्या जमविणे, खटले चालविणे, उपाशी घरांना धीर देणे, ही सारी कामे भाऊराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर आली. सत्याग्रह महिनाभरात आटोपला नाही. मध्ये खंड पडत तो सुमारे पाच वर्षे चालला. ही पाच वर्षे ज्यांनी पेलली, त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत.

अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात निग्रो समाजाने बसगाड्यांतील वेगळ्या आसनांविरुद्ध १९५५-५६ साली ३८१ दिवसांचा बहिष्कार पाळला. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया वर्षभर मैलोगणती पायी चालल्या. जगाला रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची नावे कळली. परंतु रेल्वेच्या डब्यात हमाली करणारा ई. डी. निक्सन हा कार्यकर्ता त्या शहरात अनेक वर्षे आधीपासून माणसे जोडीत होता आणि पार्क्सबाईंना जामिनावर सोडविण्यासाठी धावणाऱ्यांत तोच होता, हे थोड्यांनाच माहीत आहे. प्रत्येक मोठ्या लढ्यामागे असा एक टिकून राहणारा माणूस लागतो. नाशिकचा तो माणूस म्हणजे भाऊराव गायकवाड. आणि नाशिकचा लढा मॉन्टगोमेरीच्या पंचवीस वर्षे आधीचा होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मंदिराचे दार त्या पाच वर्षांत उघडले नाही. केवळ फलश्रुतीच्या मापाने मोजणाऱ्यास हा सत्याग्रह फसला असेच वाटेल. १९३४ साली डॉ. आंबेडकरांनीच भाऊरावांना पत्राने कळविले, की आता मंदिर प्रवेशावर शक्ती खर्च करण्यात अर्थ उरलेला नाही. शिक्षण आणि राजकारण यांकडे वळले पाहिजे. १९३५ च्या ऑक्टोबरात नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिर प्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. दार उघडले ते कायद्याने, मने वितळून नव्हे. परंतु त्या दारी पाच वर्षे बसलेला समाज आता पूर्वीचा राहिला नव्हता. ज्याला मान खाली घालून चालावयास शिकविले होते, तो ताठ मानेने, रांगेत आणि शांतपणे आपला हक्क मागावयास शिकला होता.

या सत्याग्रहाने भाऊरावांना आणखी एक धडा दिला असावा, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता वाटते. दुकान बंद करून आणि मजुरी तोडून ज्याचा प्रतिकार मोडता येतो, त्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, हेच त्याच्या गुलामगिरीचे मूळ आहे. शिवाशिवीची भिंत देवळाच्या दाराशी दिसत असली तरी तिचा पाया शेताच्या बांधावर घातलेला असतो. म्हणूनच स्वातंत्र्यानंतर त्यांनी भूमिहीनांचा प्रश्न हाती घेतला. निजामाचे राज्य संपून पाच वर्षे होतात न होतात तोच, १९५३ साली, मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह झाला. १९५९ साली तो अधिक व्यापक झाला. ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशभर सुरू झालेल्या सत्याग्रहात लक्षावधी माणसे तुरुंगात गेली. त्यांत सर्व जातींचे भूमिहीन असावेत हा दादासाहेबांचा आग्रह होता. गायरान, गावठाण, पडीक हे शब्द महसूल खात्याच्या दप्तरातून त्यांनी चळवळीच्या घोषणांत आणले.

ते १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले आणि नंतर राज्यसभेचेही सदस्य झाले. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद होते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. रिपब्लिकन पक्ष त्यांच्या हयातीतच फुटला. सुशिक्षितांच्या गटाने त्यांच्या अनुयायांना धोतरवाले म्हणून हिणविले. काँग्रेसशी त्यांनी केलेला समझोता अनेकांना आवडला नाही. बाबासाहेबांनंतरची एकजूट त्यांना राखता आली नाही, हे त्यांच्या कर्तृत्वातील न्यून होय. तथापि ज्या धोतरवाल्यांची थट्टा झाली, तेच गावाच्या वेशीबाहेर राहणारे, जमिनीवाचून भाकरीस मोताद झालेले लोक होते आणि त्यांचा प्रश्न पक्षाच्या पटलावर ठेवण्याचे काम दादासाहेबांनी शेवटपर्यंत केले. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यातील गायरान जमिनींवरील दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय शासनाला पुढे घ्यावे लागले. तरीही सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी हेलपाटे घालणारी म्हातारी माणसे कचेऱ्यांच्या ओट्यांवर दिसतातच. अशा एखाद्या अर्जदाराचा कागद हाती घेताना त्यावरील योजनेचे नाव कारकुनाने क्षणभर वाचावे. शिक्षकाने काळारामाचा धडा शिकविताना, दार उघडले नाही तरी पाच वर्षे बसून राहिलेल्या माणसांविषयी दोन शब्द अधिक सांगावेत. दादासाहेबांचे स्मरण म्हणजे यापेक्षा फार वेगळे काही असण्याचे कारण नाही. अर्ज करणारा माणूस दयेसाठी आलेला नसून, कित्येक दशकांपूर्वी सुरू झालेल्या एका मागणीचा वारसदार म्हणून आला आहे, एवढे त्याला बसावयास खुर्ची देणाऱ्याच्या ध्यानी आले तरी पुरे.