डॉ. आनंदीबाई जोशी : परदेशातील एक शाकाहारी व्रत

गणेशोत्सवात आपल्या घरांतून नैवेद्याचा सात्त्विक स्वयंपाक होतो. एरवी आपल्यातील काही घरे शाकाहारी, तर काही मांसाहारी. शाकाहारी घरांतील मुले मात्र शाळेतून आली की विचारतात, "आपण मांस का खात नाही?" "आपल्यात चालत नाही" एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही. हाच प्रश्न ज्यांना परदेशात एकटीने सोडवावा लागला, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र या दृष्टीने जरूर पाहावे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह वयाने वीस वर्षांनी मोठ्या, टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, या दुःखातूनच त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

एका हिंदू स्त्रीने समुद्र ओलांडायचा, यावर त्या काळी मोठे काहूर उठले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील सभेत त्यांनी आपली भूमिका मांडली आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा निर्धार जाहीर केला. पोशाख आणि आहार न बदलणे हा त्याचाच भाग होता. यामागे धर्मश्रद्धा होतीच, पण जबाबदारीची जाणीवही होती. त्या बदलल्या असत्या, तर पुढच्या मुलींची वाट अडवायला लोकांना आयतेच निमित्त मिळाले असते.

७ एप्रिलला त्या कोलकात्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे सांभाळले. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यास सुरू झाला. कडाक्याची थंडी, धुराने भरणारी खोली, अभ्यासाचा ताण आणि आपल्या पद्धतीचे अन्न मिळण्याची अडचण! नऊवारीत पाय उघडे पडून थंडी बाधते, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पोशाखात एवढी तडजोड त्यांनी केली. शाकाहार मात्र सोडला नाही.

याच महाविद्यालयात केइ ओकामी ही जपानी विद्यार्थिनी होती. तिचे शिक्षण आपल्या योकोहामातील क्योरित्सू मुलींच्या शाळेत झाले होते. आनंदीबाई, केइ आणि सीरियाची सबात इस्लामबूली यांचे १० ऑक्टोबर १८८५ चे छायाचित्र प्रसिद्धच आहे. त्या काळात जपानमध्ये मांसाहार प्रगतीचे लक्षण मानला जाऊ लागला होता; १८७२ मध्ये खुद्द मेइजी सम्राटांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले होते. आधुनिक शिक्षणासाठी ताट बदलावेच लागते असे नाही, हे आनंदीबाईंनी कृतीने दाखवले.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तरी शाकाहार सोडला नव्हता. म्हणजे शाकाहाराची कारणे एकाच धर्मापुरती नाहीत.

दुर्दैवाने आनंदीबाईंना क्षयाने गाठले. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असूनही त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले. क्षय जंतूंमुळे होतो, शाकाहारामुळे नव्हे. पण अपुरे पोषण, थंडी आणि अतिश्रम यांनी शरीराची ताकद खचते, हेही तितकेच खरे.

म्हणून त्यांच्या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. शाकाहार करायचा तर का, हे स्वतःला ठाऊक असावे: भूतदया, श्रद्धा, आरोग्य किंवा दिलेला शब्द. आणि व्रत पाळताना शरीराची हेळसांड होऊ नये. डाळी, कडधान्ये, दूध-दही आज आपल्याला मिळते. जोडीला येथले तोफू आहेच. बी-१२ जीवनसत्त्वाकडेही लक्ष असावे. जपानी सूपमध्ये माशांचा अर्क असतो, पण कोंबू आणि शिताकेचा शाकाहारी अर्क येथील बौद्ध मठांच्या स्वयंपाकात पूर्वापार चालत आला आहे.

मुलांना आनंदीबाईंची ही गोष्ट अवश्य सांगावी. या थोर स्त्रीच्या स्मृतीला विनम्र अभिवादन!