दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर

वर्तमानपत्र हातीं आलें कीं आपण तें सहज उलगडून वाचूं लागतों. परंतु दूरची बातमी आपल्या भाषेंत छापून यावी, ही सोय आपल्या पूर्वजांस नव्हती. ती मराठी लोकांस ज्यांनीं करून दिली, त्या बाळशास्त्री जांभेकरांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

त्यांचा जन्म सन १८१२ च्या सुमारास कोंकणांत, देवगडाकडील पोंभुर्ले गांवीं झाला. घरीं संस्कृत व मराठीचा अभ्यास करून ते लहानपणींच मुंबईस आले. तेथें इंग्रजीवर त्यांनीं उत्तम प्रभुत्व मिळविलें. शिवाय कित्येक देशी भाषाहि ते शिकले. पुढें एल्फिन्स्टन विद्यालयांत ते अध्यापक झाले. दादाभाई नौरोजी हे त्यांचेच विद्यार्थी.

त्या काळीं आपल्या लोकांत ज्ञान पसरे तें पुराण, कीर्तन व पोथी ह्यांच्या योगें. तें जितक्या कानांवर पडे तितक्यांचेंच होई, आणि पुष्कळांस तर तें ऐकण्याची मोकळीकहि नव्हती. छापलेल्या कागदास मात्र सोवळें ठाऊक नसतें. ज्यास अक्षरओळख आहे त्याच्या हातीं तो जातो. शास्त्रीबोवांनीं हें ओळखून ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ पत्र सुरू केलें. त्यांत इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीं शेजारीं असे, म्हणजे राज्यकर्त्यांस रयतेचें व रयतेस जगाचें वर्तमान कळे. विधवांच्या दुःखासारख्या विषयांचीहि त्यांत चर्चा होई. सन १८४० मध्यें हें पत्र बंद पडलें. त्याच वर्षीं त्यांनीं ‘दिग्दर्शन’ मासिक काढून त्यांत भूगोल, इतिहास व शास्त्रीय विषय सोप्या मराठींत दिले. सन १८४५ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापविली. हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांत होती ती संपत्ति अशा रीतीनें सर्वांपुढें आली.

त्यांची खरी कसोटी सन १८४३ मध्यें लागली. नारायण शेषाद्रि ह्यांनीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. हेच पुढें जालन्याकडील मांग बांधवांत सेवा करून बेथेल गांव वसविणारे होत. त्यांचा अल्पवयी भाऊ श्रीपती मिशनऱ्यांच्या घरीं राहिला होता. त्यास न्यायालयानें बापाच्या स्वाधीन केलें. परंतु मिशनऱ्यांकडे जेवला म्हणून जातवाले त्यास घरांत घेऊं देईनात. शास्त्रीबोवांनीं प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावें असा पक्ष धरिला, आणि त्यापायीं स्वजातीचा मोठा रोष सोसला. त्यांचा हेतु व मिशनचा हेतु एक नव्हता, हें आम्ही लपवीत नाहीं. तरी ज्या मुलास त्याचेच लोक बाहेर ठेवूं पाहत होते, त्याच्यासाठीं ते उभे राहिले, हेंहि आम्हांस लपवितां येत नाहीं.

मे १८४६ मध्यें, चाळिशीहि न गांठतां, ते मरण पावले. महाराष्ट्रांत ६ जानेवारी हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पत्रकार दिन म्हणून पाळितात.

दर्पण म्हणजे आरसा. शेजाऱ्याचा डाग दाखवावा आणि आपला झांकावा, असा आरसा कोणी घरीं ठेवीत नाहीं. शास्त्रीबोवांनीं आरसा प्रथम आपल्याच लोकांपुढें धरिला. म्हणून बंधूंनो, वाचतां न येणाऱ्यांस पत्र वाचून दाखवितांना, आपल्या मंडळीचा दोष सांगणारी ओळ आली तर ती गाळूं नका. तीच जरा सावकाश वाचा.