जयंत पांडुरंग नाईक

जयंत पांडुरंग नाईक (जन्म : ५ सप्टेंबर १९०७, मृत्यू : ३० ऑगस्ट १९८१) हे भारतीय शिक्षणतज्ज्ञ आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले सदस्य-सचिव होते. जे. पी. नाईक या नावाने ते अधिक परिचित आहेत. कोठारी शिक्षण आयोगाच्या कामाबरोबरच, सामाजिक शास्त्रांतील संशोधनाला सार्वजनिक निधी कोणत्या मार्गाने मिळावा, याची भारतातील घडी बसविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

प्रारंभीचे जीवन

नाईक यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडी या गावी झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव धारण केले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या गावी राहून त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. प्राथमिक शिक्षणाच्या अडचणी त्यांना प्रथम तेथेच जवळून दिसल्या. सय्यद नुरुल्ला यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला व अध्यापक महाविद्यालयांतून दीर्घकाळ वापरला गेला.

शैक्षणिक कार्य

कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटी येथील मौनी विद्यापीठ या ग्रामीण शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. शिक्षणशास्त्रातील उच्च संशोधन हा तिचा हेतू होता. ही संस्था १९७६ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. त्यांच्या पत्नी चित्रा नाईक याही नामवंत शिक्षणतज्ज्ञ होत्या.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून नाईक यांनी अनेक वर्षे काम केले. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे (१९६४–६६) ते सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा आणि सर्व थरांतील मुलांसाठी समान शाळा असाव्यात, या आयोगाच्या प्रमुख शिफारशी होत.

संशोधनाचा निधी आणि स्वायत्तता

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत संरक्षण खात्याचा पैसा विद्यापीठांतील मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र या विषयांकडेही वळला. परदेशांतील अंतर्गत उठावांची कारणे शोधण्यासाठी अमेरिकन लष्कराने आखलेली ‘कॅमेलॉट’ ही योजना चिलीमध्ये उघडकीस आली आणि जुलै १९६५ मध्ये ती रद्द करावी लागली. याची झळ भारतालाही लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संस्थेने हिमालयाच्या सीमावर्ती प्रदेशांविषयी हाती घेतलेल्या प्रकल्पाला अमेरिकन संरक्षण खात्याचा निधी असल्याचे १९६८ मध्ये समजताच भारतात तीव्र निषेध झाला. गढवालमध्ये संशोधन केलेले त्याच विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ जेराल्ड बेरमन यांनीही या निधीला उघड विरोध केला. ज्या गावकऱ्यांच्या विश्वासावर अभ्यास उभा राहतो, त्यांची माहिती परक्या लष्कराच्या उपयोगी पडणार असेल, तर संशोधक आणि हेर यांतील भेद लोकांना कसा कळावा, हा या वादाचा गाभा होता.

त्याच वर्षी व्ही. के. आर. व्ही. राव समितीने सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठी स्वतंत्र परिषद असावी, अशी शिफारस केली. त्यानुसार १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ हे तिचे पहिले अध्यक्ष व नाईक सदस्य-सचिव झाले. हे पद त्यांनी १९७८ पर्यंत सांभाळले.

परिषदेचा निधी शिक्षण मंत्रालयाकडून येई, मात्र कोणत्या संशोधनाला तो द्यावा, याचा विचार परिषदेतील अभ्यासक करीत. अध्यक्ष व सदस्य-सचिव यांखेरीज परिषदेत १८ समाजशास्त्रज्ञ आणि ६ शासकीय प्रतिनिधी अशी रचना होती. परदेशी संशोधकांच्या प्रकल्पांबाबतही परिषद सरकारला सल्ला देत असे. या रचनेत एक उणीवही होती. परिषदेचे सदस्य सरकारच नेमत असल्यामुळे तिची स्वायत्तता बरीचशी सरकारच्या संयमावर अवलंबून राहिली. परकीय लष्कराच्या पैशापासून संशोधन दूर ठेवता आले, तरी स्वकीय शासनाच्या पैशापासून त्याचे स्वातंत्र्य कसे राखावे, हा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही.

नाईक यांच्या कारकिर्दीत परिषदेने निरनिराळ्या राज्यांतील संशोधन संस्थांना राज्य सरकारांच्या सहभागाने अनुदान देण्यास आरंभ केला. त्यामुळे दिल्लीबाहेरही संशोधनाची केंद्रे वाढीस लागली. प्रत्येक विषयात पूर्वी झालेल्या संशोधनाचा आढावा घेणारे ग्रंथ परिषदेने प्रसिद्ध केले. भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा अहवाल १९७४ अखेरीस सादर झाल्यानंतर परिषदेने स्त्री-अभ्यासाला विशेष उत्तेजन दिले. त्यामागे नाईक यांचा आग्रह होता.

अखेरची वर्षे व वारसा

आयुष्याच्या अखेरच्या काळात नाईक यांनी सर्वांसाठी आरोग्य या विषयावरील अभ्यासगटात महत्त्वाचे काम केले. सामाजिक विज्ञान परिषद व वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून नेमलेल्या या गटाचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोठारी आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा त्यांनी परखडपणे घेतलेला आढावा त्यांच्या मृत्यूनंतर १९८२ मध्ये ग्रंथरूपाने आला.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देण्यात आला. युनेस्कोने जगातील शिक्षणविचारवंतांवर प्रसिद्ध केलेल्या चरित्रलेखमालेत त्यांचा समावेश आहे. मुंबई उपनगरात, सांताक्रूझ पूर्वेकडील कालिना येथे मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरी परिसरात परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. त्या वास्तूला जे. पी. नाईक भवन असे नाव देण्यात आले आहे.