वॉशिंग मशिनसाठी खटपट करणारा पाद्री : याकोब शेफर

वॉशिंग मशिन एकट्याने का उचलत नाही? कारण बहुतेक फ्रंट लोड मशिनमध्ये काँक्रीटचा ठोकळा असतो. ड्रम गरगर फिरताना मशिन जागेवरून सरकू नये, म्हणून. पण हे वजन घरापर्यंत वाहून आणताना इंधनही जास्त जळतं.

अडीचशे वर्षांपूर्वीच्या मशिनमध्ये हा ठोकळा नव्हता.

याकोब ख्रिश्चन शेफर यांचा जन्म १७१८ मध्ये जर्मनीतल्या क्वेरफुर्टचा. हाले इथे धर्मशास्त्र शिकून ते रेगेन्सबुर्गला पाद्री झाले. चर्च सांभाळत त्यांनी अळंबी, कीटक आणि पक्ष्यांचा अभ्यास केला.

तेव्हा युरोपात कागद चिंध्यांपासून बनायचा आणि चिंध्या पुरत नव्हत्या. शेफर यांनी शेवाळ, पेंढा, अगदी गांधीलमाश्यांच्या पोळ्यांपासून कागद करून पाहिला. १७६५ ते १७७१ या काळात या प्रयोगांचे सहा खंड निघाले. त्यात कागदाचे नमुनेही जोडले होते.

१७६७ मध्ये त्यांनी वॉशिंग मशिनचा आराखडा छापला. मूळ कल्पना त्यांची नव्हती, त्यांनी आधीच्या यंत्रात सुधारणा केली. लाकडी टब, त्यावर झाकण आणि आत कपडे घुसळणारी रवी, तीही हाताने फिरवायची. कपडे चोळून-आपटून हात सोलवटून घेणाऱ्या बायकांसाठी हे मोठंच काम होतं.

शेफर १७९० मध्ये वारले. वजनाचा प्रश्न मात्र पुढच्या मशिनांनी आणला. २०१७ मध्ये ब्रिटनच्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातून त्यावर एक साधा उपाय पुढे आला : काँक्रीटऐवजी रिकामी टाकी बसवायची आणि मशिन घरी आल्यावर ती पाण्याने भरायची.