महूत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ

इंदूरहून महू वीस-पंचवीस किलोमीटर. तेथील लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव जन्मले. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सारेच ओळखतात. परंतु ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, याचा विसर अर्थशास्त्र शिकणाऱ्यांनाही पडतो.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर, १९१८ साली, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे एकत्र करा म्हणजे शेती सुधारेल, असे तेव्हाचे बरेच तज्ज्ञ सांगत. आंबेडकरांनी प्रश्नच उलटा मांडला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्यावर भांडवल किती, अवजारे किती व माणसे किती यावर ठरते. आपल्याकडे भांडवल तुटपुंजे आणि हात गरजेपेक्षा जास्त. हे रिकामे हात मिळवीत नाहीत, पण पोट त्यांनाही आहेच. तेव्हा त्यांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे; शेतीचे दुखणे त्यानेच हटेल. हे लिहिणारा प्राध्यापक जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता!

१९२३ सालच्या रुपयावरील ग्रंथातही त्यांची नजर मजुरावरच होती. रुपया घसरला की निर्यातदाराला नफा होतो. पण किमती चढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणजे तो नफा मजुराच्या ताटातून निघतो. पुढे १९३७ साली त्यांनी मुंबई विधानसभेत कोकणातील खोती नष्ट करणारे विधेयक मांडले.

१९५५ साली सायमन कुझ्नेट्स यांनी (हेही कोलंबियाचेच विद्यार्थी) एक प्रसिद्ध तर्क मांडला. शेतीकडून उद्योगाकडे जाताना देशात विषमता प्रथम वाढते आणि नंतर आपोआप नव्हे, तरी बहुधा घटते, असा त्याचा आशय. प्रगत देशांत काही दशके तसे घडलेही. पण १९८० नंतर अमेरिका व इंग्लंडमध्ये विषमता पुन्हा वाढली. चीन व भारत यांच्या वाढीमुळे देशादेशांतील अंतर कमी झाले, तरी १९९१ नंतर आपल्या देशात वरच्या थराचा वाटा फुगतच गेला.

आंबेडकरांनी वाट पाहण्याचे धोरण कधीच पत्करले नव्हते. १९४७ साली त्यांनी मूलभूत उद्योग, विमा व शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ही तरतूद घटनेतच लिहावी, असा आराखडा सादर केला. विधिमंडळातील बहुमत बदलले तरी ती पुसली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. तो मान्य झाला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले, की राजकारणात प्रत्येकाला एक मत मिळेल, पण आर्थिक व सामाजिक जीवनात विषमताच राहील. ही विसंगती लवकर दूर झाली नाही, तर तिने पोळलेले लोकच लोकशाहीची इमारत उलथून टाकतील.

संपत्तीचे केंद्रीकरण होऊ नये, हे तत्त्व घटनेच्या ३९व्या कलमात आले खरे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही.