सीताफळाच्या कुळापासून स्तनाच्या कॅन्सरपर्यंत: कोण होत्या डॉ. कमल रणदिवे?

'लक्ष्मणफळ खा, कॅन्सर पळवा.' हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. लक्ष्मणफळ म्हणजे सीताफळाचा भाऊबंद. किनवट-माहूरच्या डोंगरात जे सीताफळ पिकतं, त्याच्याच कुळातलं.

आता गंमत बघा. याच कुळाचा अभ्यास केलेली एक मराठी मुलगी पुढे स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन करणारी देशातली मोठी शास्त्रज्ञ झाली. तिचं नाव कमल रणदिवे.

माहेरच्या त्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा. दोन्ही झालं नाही. १९३९ साली त्यांचं लग्न झालं ते गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी. १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळ कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि आनुवंशिकता.

पुढे त्या मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या. तिथे त्यांना डॉ. वसंत खानोलकर गुरू म्हणून लाभले. त्यांच्याच हाताखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

त्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे त्या टिश्यू कल्चर शिकल्या, म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवायचं तंत्र. परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

पण त्या भांड्यावरच थांबल्या नाहीत. उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. स्तनाच्या कॅन्सरमागे आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू यांचा कसा हात असतो, हे त्यांनी तपासलं. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध सांगणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

मग लक्ष्मणफळाचं काय?

या कुळातल्या झाडांत अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात. काचेच्या भांड्यात ती कॅन्सरच्या पेशी मारतात, हे खरं आहे. मेसेज इथेच संपतो आणि खरं काम इथून सुरू होतं. खाल्लेलं द्रव्य पचनातून, यकृतातून जाऊन गाठीपर्यंत पुरेसं पोहोचतं का? निरोगी पेशींना ते सोडतं का? लक्ष्मणफळानं माणसाचा स्तनाचा कॅन्सर बरा होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. उलट कॅरिबियन बेटांवर ते जास्त खाणाऱ्यांमध्ये मेंदूच्या आजाराशी त्याचा संबंध दिसला आहे.

हळदीचंही तसंच. तिच्यातलं कर्क्युमिन भांड्यात प्रभावी ठरतं, पण खाल्ल्यावर रक्तात फार थोडं उतरतं. लातूरच्या सोयाबीनची गोष्ट मात्र उलटी. त्यातली द्रव्यं इस्ट्रोजेन हार्मोनसारखी दिसतात, म्हणून भीती होती. माणसांवरच्या अभ्यासात आहारातल्या सोयाबीननं धोका वाढल्याचं दिसलं नाही.

म्हणजे डाळी, भाज्या, फळं जरूर खा. वजन आटोक्यात ठेवा, दारू टाळा. यानं धोका कमी होतो, शून्य होत नाही. आणि ताटातलं अन्न ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशनची जागा घेत नाही.

शेवटपर्यंत काम

१९७३ साली कमल रणदिवेंनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी केली. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर आराम न करता त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत राहिल्या. गावातल्या बायकांना कॅन्सर लवकर कसा ओळखायचा, हेही त्यांनी सांगितलं. २००१ साली त्यांचं निधन झालं.

त्यांचं ते सांगणं आजही तितकंच कामाचं आहे. स्तनात गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली किंवा बोंडीतून रक्त आलं, तर दुखत नसलं तरी आधी डॉक्टरांना दाखवा. फॉरवर्डवर विसंबून महिने घालवू नका.